लाल पेन आणि चार ओळी

आज सकाळी अकोल्याच्या आमच्या पेपरात, माझ्या टेबलावर एक बातमी आली. माझे जुने संपादक राजदूत होऊन परदेशी चालले आहेत. मजकुरात ‘दूरदर्शी’, ‘लोकनेते’ असं बरंच काही होतं. हात आपोआप लाल पेनकडे गेला आणि अमरावतीचं, राजापेठेतलं ते शाईच्या वासाचं कार्यालय आठवलं.

मी तिथे त्यांच्या हाताखाली उपसंपादक असताना, एका दुपारी त्यांना आमदारकीचं तिकीट मिळालं. स्वतःची बातमी त्यांनी स्वतःच लिहून माझ्यापुढे ठेवली. बातमीत विशेषण दिसलं की कापायचं, हा नियम त्यांचाच. मी कापत गेले. ‘झुंजार’ गेलं, ‘तडफदार’ गेलं. चार ओळी उरल्या.

“हे कावून कापलं?”

“तुमीच तं शिकवलं मले, सर.”

“आता गोष्ट अलग आहे. जसंच्या तसं जाऊ दे, नाई तं उद्यापासून येऊ नको.”

मी त्या चार ओळीच छपाईला पाठवल्या, पेन पर्समध्ये टाकलं आणि जिना उतरले. तेव्हा फक्त नोकरी गेल्याचं कळलं. आता वाटतं, त्यांचं लिहिलेलं कापणारं त्यानंतर त्यांना कोणी भेटलंच नसावं.

मी त्याच पेनानं आजची बातमी कापली. उरल्या चारच ओळी.