उजव्या छातीवरचे पदक

माझ्या पणजोबांनी पहिले महायुद्ध जिंकले, ही गोष्ट त्यांना स्वतःला कधीच माहीत नव्हती.

ती जगाला मी कळवली. सहावीत असताना, ‘माझे आदर्श’ या निबंधात. पुरावा म्हणून आमच्या घरी चांदीचे एक पदक होते. चांगले तळहाताएवढे, एका बाजूला मुकुटवाला राजा आणि वर भक्कम कडी. शिवाय पणजोबा म्हणे दोन वर्षे गावात नव्हते. (कुठे होते हे कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे माझी फार सोय झाली.) पुढे मी जळगावला इतिहासाचा शिक्षक झालो, तरी डोळे मिटले की वाळवंटातून उंटावर येणारे पणजोबा दिसत. मिशीवर वाळू, छातीवर पदक आणि मागे संथपणे मावळणारा सूर्य. तो कधी पूर्ण मावळला नाही, कारण तेवढ्यात तासाची घंटा होई.

अडचण एकच होती. अमळनेरजवळच्या आमच्या गावी माझे वडील, म्हणजे आबा, ते पदक दर पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधत.

“आबा, हे शौर्यपदक आहे. बैलाला काय बांधता?”

“तो बैलना बिल्ला शे,” आबा शांतपणे म्हणत. “मन्हा बाप बी बैललेच बांधे.”

गेल्या वर्षी मात्र मी इतिहासाच्या वतीने ते पदक ताब्यात घेतले आणि जळगावला आणले. चिंच लावून असे घासले की राजाचा फक्त कान उरला. मागच्या बाजूला तांबडा, कडक थर होता. ते रणांगणावरचे रक्त समजून मी त्याला बोटही लावले नाही. मग स्वातंत्र्यदिनी पदक लावून शाळेत पाऊण तास भाषण केले. (वारसाने उजव्या छातीवर लावायचे असते, एवढा अभ्यास मी केला होता.) फोटो मोठा करून बैठकीत टांगला.

“छान आलाय,” माझी बायको सुनंदा म्हणाली. “पदक जरा मोठं वाटतंय.”

“पराक्रमच मोठा होता,” मी म्हणालो.

त्या पोळ्याला हौशाचे कपाळ रिकामे राहिले. हौशा हा आबांचा शेवटचा बैल. त्याचा जोडीदार गेला, शेतात ट्रॅक्टर आला, पण हौशाला विकायचे नाव आबांनी काढले नाही. मिरवणुकीत तो सारखी मान हलवत होता म्हणे. यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी आबांचा फोन आला.

“बिल्ला लई ये. हौशा आते थकी गया. त्याना हाऊ शेवटना पोया शे.”

मला वाईट वाटले. पण पणजोबांचाही मान होताच की. म्हणून मी तोडगा काढला. धुळ्याला एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. जुनी पदके कुठली, कुणी घडवलेली, हे ते अचूक ओळखतात. त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या आणि आबांपुढे ठेवायच्या. मग आबाच म्हणतील, बैलाला नको.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एसटीने निघालो. दुपार सुस्त होती. खिडकीबाहेर कपाशीची शेते हळूहळू मागे सरकत होती, खिशातले पदक अंगाच्या उबेने कोमट झाले होते. बघता बघता पणजोबा आले. उंट त्यांनी बसबाहेर सोडला आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. “धुये कितलं लांब शे?” एवढेच त्यांनी विचारले. मी सांगणार, तोच कंडक्टरने खांदा हलवला.

नानांनी आधी आपल्याकडचे एक पदक माझ्या हातात दिले.

“फौजी पदकाच्या कडेवर बहुतेक जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हे बघा.”

मग आमच्या पदकाच्या कडेच्या खाचांत पोळ्यापोळ्याला साचलेली हळद त्यांनी खरवडली आणि कड भिंगाखाली धरली.

“इथे घडवणाऱ्याचं नाव आहे. मुंबईचा चांदीवाला. हे लोक कप, ढाली, बक्षिसाचे बिल्ले करायचे. पलटणीची पदकं सरकारी टांकसाळीतून यायची.”

“खास करून घेतलं असेल,” मी म्हणालो.

“पणजोबा फौजेत होते, हे कोण सांगतं?”

मी आठवून पाहिले. आजोबा कधी म्हणाले नव्हते. आबा नाही. घरात कागदाचा एक कपटा नाही.

“मी,” मी म्हणालो.

नानांनी पदक उलटे करून कोमट पाण्यात ठेवले.

“रक्त आहे, जपून,” मी घाईने म्हणालो.

“शेंदूर आहे. तेलात कालवलेला.”

थर सुटू लागला. आधी एक वशिंड निघाले. उंटाचे असेल, मी मनाशी म्हटले. मग शिंगे निघाली. त्यांच्याखाली अक्षरे होती: शेतकी प्रदर्शन, बैल, पहिला नंबर.

नाना फौजी माणूस, हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

“लिहून देऊ?”

“नको,” मी म्हणालो.

गावी जाणाऱ्या बसमध्ये पुन्हा डोळा लागला. या खेपेला पणजोबा पायीच होते. धुळीच्या रस्त्याने, बैलाच्या मानेवर हात टाकून, कुठल्याशा प्रदर्शनातून घरी परतत होते. बैलाच्या कपाळावर चांदी चमकत होती, आणि पणजोबा माझ्याकडे नाही, त्याच्याकडेच बघत होते. खरे सांगतो, उंटावरच्या पणजोबांपेक्षा हे मला जास्त आपले वाटले. इतकी वर्षे त्यांना उगाच वाळवंटात हिंडवले, याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी, धुळ्याच्या सुभेदारांना दाखवून आणल्याचे सांगत, मी पदक आबांच्या हाती दिले.

“काय म्हने सुभेदार?”

“बैलाचा बिल्ला आहे म्हणाले.”

“एवढं इचारासाठे तू धुये लगून गया?”

आबांनी हौशाची शिंगे रंगवली, पाठीवर झूल घातली आणि कपाळावर पदक बांधले. म्हाताऱ्या बैलाने मान हलवली नाही. संध्याकाळच्या उन्हात तो वेशीतून डुलत आला आणि दारात उभा राहिला. आबांचे डोळे भरले होते. माझेही.

सकाळीच जळगावहून आलेल्या सुनंदाने हौशाला ओवाळले, पुरणाचा मांडा भरवला. मग ताट घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मला कशाला?”

“गेल्या वर्षी तुम्हीच घातलं होतं ना ते?”

आबांनी हौशाला जरा बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली. मी निमूटपणे मान खाली घालून कपाळ पुढे केले.