कुंकवाखालचा नंबर

जालना जिल्ह्यात कुणी साडेतीनशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल विकायला काढली, की गिऱ्हाइकाच्या आधी निरोप मला येतो. यात माझा काही दोष नाही. टेंभुर्णीत एकानं गोठ्यात गाडी चालू करून ठेवली होती आणि मी अजून रस्त्यावरच होतो. तिथूनच ओरडून सांगितलं की उजवा कार्बोरेटर परक्या गाडीचा आहे. मालक मटकन खाली बसला. त्याच्या म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवलं. तीर्थपुरीच्या एका हौशी माणसानं "सगळं ओरिजनल" म्हणत गाडी पुढं केली. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. टाकी एका गाडीची, पुढचं चाक दुसरीचं, दोन सायलेन्सरांची लांबी दोन तऱ्हेची, आणि साइड कव्हर बाहेरून लाल, आतून हिरवं. म्हटलं, "मालक, ही गाडी न्हाई, ही बैठक आहे. चार-पाच गाड्या जमून बसल्यात." त्यानं मला जेवू घातलं, पण वाढताना माझ्याकडं बघितलं नाही.

यात जादू काही नाही. रंग बाहेर बघायचा नसतो, टाकीखालच्या रबराजवळ बघायचा. तिथं ब्रश पोचत नाही. बोल्टांची डोकी बघायची. एकाच्या कडा शाबूत आणि शेजारच्याच्या झिजलेल्या, म्हणजे तिथं कुणाचा तरी हात फिरलाय. आणि बघता बघता मालकाशी गप्पा मारायच्या. बदललेल्या भागाकडं आपली नजर गेली की माणूस हमखास हवापाण्याचं बोलायला लागतो.

मला एका जागी बसवत नाही, हे खरं कारण. जालन्यात ऑफिसात खुर्ची आहे, पण तिच्यावर मी कमी आणि माझा रुमाल जास्त बसतो. सुट्टी मिळाली की गाडी काढायची. आणि माझी गाडी म्हणजे काय सांगू. जालन्यात चहा सांगून निघालो तर तो गाळून होईपर्यंत अंबडच्या वेशीत. रात्री कधी जोरात गेलो तर हेडलाइटचा उजेड मागून धापा टाकत येतो. गावाकडं गेलो की वडीगोद्रीच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलात मी हे सगळं तपशिलासह सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, "इंजिन सगळ्यांचं सारखंच असतं. गुण हाताचा असतो."

तर या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली आणि पुन्हा पासिंग करायची वेळ आली. परिवहन कार्यालयात गाडी उभी करायची, साहेब पुस्तकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर पडताळून बघणार. जुळला नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. भंगारवाल्याला वजनावर द्यायची. मला काळजी नव्हती. काळजी असते ती लोकांच्या गाड्यांची.

इंजिनावरचा नंबर मात्र मी कधी पाहिलेला नव्हता. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा होते. आमच्या आईनं पहिल्या वर्षी जिथं हळदकुंकू लावलं ती जागा नेमकी नंबराची निघाली, आणि त्यानंतर दर दसऱ्याला तिथंच. वर तेल, धूळ, पुन्हा कुंकू. असा बोटभर जाड, काळालाल थर झालेला. जिल्ह्याच्या गाड्या मी उलथ्यापालथ्या करून बघितल्या, पण देवाला काय कुणी खरवडतं?

शनिवारी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. थर निघाला. नंबर स्वच्छ, ठसठशीत, एकही आकडा पुसट नाही. आणि तो माझ्या गाडीचा नव्हता.

कुणाचा ते तिथंच कळलं. आमच्या एकत्र घरात तशा दोन गाड्या होत्या, एक माझी, एक थोरल्या चुलतभावाची, म्हणजे दादाची. माझी गाडी घरात आली त्याच उन्हाळ्यात, पहिल्या दसऱ्याच्या आधी, चुलतबहिणीच्या लग्नात दोन्ही गाड्या वरातीपुढं पाहिजेत म्हणून दादानं आणि मी अंगणात एकाच ताडपत्रीवर दोन्ही इंजिनं खोलली होती. घाईघाईत चढवली, याचं त्याला आणि त्याचं याला. दादाची गाडी आधीची, तिचं इंजिन हाय टॉर्क, म्हणजे अंगात मस्ती असलेलं. माझी नंतरची, लो टॉर्क, म्हणजे पेट्रोल जपून वापरणारं, संसारी. इतकी वर्षं मी ज्याला हाताचा गुण म्हणत होतो तो दादाच्या इंजिनाचा होता. सोमवारी पासिंग. त्याच दुपारी गावाकडं निघालो.

दादा अंगणात फवारणीचा पंप धूत होता. मी गाडी लावली, इकडचं तिकडचं बोललो, पाऊस कसा आहे विचारलं.

"काय बदललंय?" दादा म्हणाला.

"न्हाई, काही न्हाई. तुझ्या गाडीचं इंजिन जरा बघावं म्हणलं."

"बघ की. तुझंच है."

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं तोंड बंद असलेलं आज पहिल्यांदा बघून राह्यले."

"तुला ठावं होतं?" मी दादाला विचारलं.

"वरातीच्या दुसऱ्याच दिवशी," दादा म्हणाला. "पेट्रोल भरलं तर संपंच ना. मी म्हणलं, हे माझं न्हाई."

"मंग बोलला का न्हाई?"

"कशापायी? माझं इंजिन पेट्रोल पेतं, तुझं नुसतं चाटतं. शेतात जायला चाटणारं बरं. आन तू वडीगोद्रीला बसून माझ्या इंजिनाची तारीफ करून राह्यला होता. मी मागच्या बाकड्यावर बसून ऐकत होतो. पेट्रोलचा खर्चा तुझा, तारीफ माझी. मधी कशाला बोलावं माणसानं?"

मी पासिंगचं सांगितलं. इंजिनं अदलाबदल करू म्हटलं. दादानं मान हलवली. "माझी गाडी बांधाबाहेर जात न्हाई. मला कोण पासिंग इचारतो? ते तहानलेलं तुझ्यापाशीच राहू दे."

मी विनवण्या केल्या, आमच्या लहानपणीचे दाखले दिले, त्याच्या गाडीचं मी न केलेलं कौतुक केलं. पंप धुऊन झाला तरी तो हलेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अहो, एकडाव चालवून तर बघा. स्वतःचं असून बसले न्हाई कधी."

दादा डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्या गाडीवर बसला, म्हशीवर बसावं तसा, आणि गेला.

मी अंगणात उभा राहिलो. आधी नुसती घुरघुर. मग गाडी हमरस्त्याला लागली असावी, कारण कोरं मांजरपाट टरकन फाडावं तसा आवाज आला आणि फाटतच गेला, लांब, आणखी लांब. मी कायम त्या आवाजाच्या आत बसलेलो. बाहेरून तो कधी ऐकलाच नव्हता. मी विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. पाना उचलला, ठेवला, दुसरा उचलला. हात धुतले, हात मळलेलेच नव्हते.

"बसा की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही उभं राहिल्यानं गाडी जल्दी येणार न्हाई."

आवाज दोनदा गेला आणि आला. म्हणजे हा घराजवळ येऊन पुन्हा उलटा गेला होता. शेवटी दादा अंगणात शिरला. टॉवेल कुठंतरी उडून गेलेला, डोळ्यांतून पाणी, मिशा दोन्ही बाजूंना चपट्या. त्यानं सरळ माझ्या हातातला पाना घेतला.

"खोल," म्हणाला.

"दादा, आता उन्हं कलली. उद्या बघू."

"सोमवारी पासिंग है ना तुझी? खोल म्हणलं."

"क्लचची तार जुनी है, तुटंल."

"तुटू दे. नवी टाकतो. माझी बी तारीख घे सोमवारची."

ज्याच्यासाठी मी धावत आलो होतो तेच मिळत होतं आणि मी बहाणे शोधत होतो. दादानं तोवर एक बोल्ट सैल केलासुद्धा.

सोमवारी साहेबांनी माझ्या इंजिनावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप पुस्तकाशी लावून बघितली. बराबर जुळली. "ओरिजनल आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. बिलकुल ओरिजनल, मी म्हणालो. पुरावा हातात असताना माझा आवाज इतका बारीक कधी निघाला नव्हता. शेजारच्या रांगेत दादा उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. लग्नातसुद्धा त्यानं इस्त्री केली नव्हती.

गावाकडं परतताना अंबडच्या पुढं तो आवाज मागून आला. मी आरशात बघेपर्यंत दादा बाजूनं निघून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. मी मूठ पूर्ण पिळली. माझ्या इंजिनानं होतं नव्हतं ते सगळं दिलं, आज्ञाधारकपणे, एकही झटका न देता. दादा लहान होत गेला, मग ठिपका झाला, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

मी गाडी बाभळीखाली घेतली, पिशवीतून पाने काढले आणि कार्बोरेटर खोलायला बसलो. बोट भाजलं. एक दूधवाला थांबला.

"बंद पडली का, भाऊ?"

"न्हाई," मी म्हणालो. "ही बंद पडतच न्हाई, तीच तर पंचाईत आहे."