यशोदामावशींचं शिळं पाणी

आमच्या मजल्यावर धूळ शोधायची असेल तर यशोदामावशींचं घर सोडून कुठंही जा. त्या तीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून कामाला होत्या. पहाटे उठायचं, कळशी-हंडे उपडे करायचे, शिळं पाणी मोरीत, ताजं पाणी घरात. नायगावची चाळ पाडली, आम्ही टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर आलो, तरी त्यांची ही सवय काही सुटली नाही.

नात अनुजा नागपूरला शिकायला गेली आणि तिचा निळा फायटर मासा आजीकडे ठेवून गेली. मावशींनी त्यालाही घरचा नियम लावला. रोज सकाळी बरणी साबणाने लख्ख घासायची, नळाचं गार पाणी भरायचं. बारा दिवसांत मासा गेला! मेच्या सुट्टीत अनुजाने दुसरा आणला, लाल. जूनमध्ये तोही पंख मिटून तळाशी बसला. मावशींनी नातीला फोन लावला, स्पीकरवर. मी समोरच होते.

"आजी, तुला नाही जमणार. देऊन टाक कुणाला तरी."

असा राग आला मला त्या पोरीचा! मावशींनी फोन ठेवला. डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल गो माया."

परळच्या एका गल्लीत चिंतामणीचं माशांचं दुकान आहे. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "मावशी, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. एक दिवस उघडं ठेवा, मग वापरा. आणि सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. याला शिळं पाणीच लागतं."

"शिळं? माझ्या घरात?" दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

"आणि साबण बंद."

मावशी तरातरा दुकानाबाहेर पडल्या. मला वाटलं, संपलं सगळं. कसलं काय! दुसऱ्या दिवशी झाकणाची मोठी टाकी आली, थर्मामीटर आला, माशाच्या पाण्याची वेगळी बादली आली. आठवड्यातून दोनदा टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढायचं, बादलीत ठेवलेलं कालचं घालायचं. थर्मामीटर बघूनही मावशी बादलीत कोपर बुडवायच्या, तान्ह्या बाळांच्या आंघोळीला बुडवायच्या तसंच. सकाळी सवयीने हात बादली उपडी करायला जायचा आणि त्या स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. मी हसले तर मलाही एक बसली.

तिसऱ्या आठवड्यात लाल साहेब पंख फुलवून काचेवर धावून आले. "बघ मेल्याचा तोरा!" म्हणत मावशी ढसाढसा रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

गणपतीला अनुजा आली. टाकीत पाण्यावर माशाने बुडबुड्यांचं घरटं बांधलं होतं; मासा तब्येतीत असला की बांधतो म्हणे. पोरगी नाचायलाच लागली. "आजी, आता याला मी हॉस्टेलवर नेते!"

मावशी टाकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला नाही जमणार."

अनुजाचा चेहरा खर्रकन उतरला. मग मावशींनीच तिचा हात धरून तिला बादलीपाशी नेलं.

"लागलं ना? मलाही असंच लागलं होतं गो," त्या म्हणाल्या. "आता बाही वर कर. आधी कोपर बुडव."