विमानाला लागणारा घाट

१९५८, नाताळानंतरचा पहिला शनिवार. ठिकाण: दौंड, मामाच्या रेल्वे क्वार्टरमागचं मोकळं रान. हजर: आई, मामा आणि मी. गैरहजर: ताई. तिलाच बघायला आम्ही शिरूरहून आलो होतो आणि ती विमानात होती.

ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. भावजींच्या कंपनीने दोघांना मुंबईहून हैदराबादला विमानाने बोलावलं. आईने ताईच्या लहानपणच्या झग्यांची लाल गोधडी शिवली होती, पण विमानात सामान वजन करून घेतात म्हणून ती मागे राहिली. आईच्या मनाला ते लागलं. गोधडी नेता येत नाही तर लेकीने ती निदान वरून बघावी, असं तिने ठरवलं आणि ताईला तसं कळवलं.

विमान दौंडवरूनच जाणार, हे मामाने सांगितलं. मामा रेल्वेत गार्ड. हैदराबादची गाडी दौंडवरून जाते, तेव्हा विमानाला दुसरा रस्ता नाही. दोन विमानतळांमधलं अंतर त्याने रेल्वेच्या मैलांवरून काढलं, ताईने कळवलेले अडीच तास स्टेशनांना वाटून दिले आणि वर घाटाचा अर्धा तास धरला. विमानाला कसला घाट, असं मी विचारलं.

"विमान झालं म्हणून खंडाळा चुकतो व्हय? चढाला येग कमी व्हनारच."

घाट चढायला गाडीला कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, ते विमानाला लागणार नाही, एवढं मात्र त्याने मोठ्या मनाने मान्य केलं.

सकाळी मामा निवांत दाढीला बसला. अजून पुष्कळ वेळ आहे, आक्का, चहा घे, असं तो आतूनच सांगत होता. आईने गोधडीला ट्रंकेचा वास येतोय, ऊन लागू दे, म्हणून ती तेव्हाच रानात पसरली. कोपऱ्यांवर दगड ठेवायचं काम माझ्याकडे. तिसरा दगड ठेवला आणि घरघर ऐकू आली. विमान जरा उत्तरेच्या अंगाने, उन्हात चकाकत आलं. ते दिसेनासं होईपर्यंत आई पदर हलवत राहिली. मामा एका गालावर फेस तसाच घेऊन धावत आला.

"ते आपलं न्हाई," तो म्हणाला. "आपलं आजून घाटात हाय."

त्याने काढलेल्या वेळेपर्यंत आम्ही उभे राहिलो. घारींशिवाय काही आलं नाही. परतीच्या एसटीत आई मला एकच विचारत होती, ताईने बघितलं असेल का.

आठवड्याने ताईचं पत्र आलं. रूळ कुठे दिसलेच नाहीत, पण एका नदीजवळ लाल ठिपका दिसला. भावजी म्हणाले, मिरच्या वाळत घातल्या असतील. ताईने लिहिलं होतं, मिरच्या नव्हेत, आई होती. ती ओळ आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

मामाला पत्र दाखवल्यावर त्याने पुन्हा बोटांवर स्टेशनं मोजली. मग म्हणाला, "मागून वारा लागला आसंल. त्येच जादा इंजिन."

गोधडी हैदराबादला पोहोचवायचं काम तेवढं राहिलं आहे. ताई माहेरी येते तेव्हा जाताना तिचं सामान आधीच जड असतं. सध्या गोधडी माझ्या अंथरुणात आहे. थंडी सरली की पाठवायची.