गाश्पारच्या कबरीचं कुंपण

तिसा नदीकाठच्या त्या यंत्रकारखान्यात एतेलका लग्नाआधीपासून वेल्डिंग करत होती. बुडापेस्टहून विल्मा नावाची समाजशास्त्राची अभ्यासक आली आणि कामगारांचे आपापसातले नियम समजून घ्यायला तिच्याच शेजारी कामाला लागली. एतेलकाने तिला आधी हत्यार धरायला शिकवलं, मग बाकीचं. भंगारातल्या लोखंडातून घरापुरतं करून घ्यायचं, कुणी द्राक्षवेलीला आधार, कुणी पाळणा. पण विकायचं नाही. एकाने विकलं होतं, तर पुढे हिवाळाभर त्याच्याशेजारी जेवायला कुणी बसलं नाही.

विल्माने हे सगळं अहवालात लिहिलं, नावं तेवढी गाळली. अहवाल वाचून संचालकाचं डोकं फिरलं. त्याने एतेलकाला बोलावून घेतलं आणि बजावलं, नावं तरी सांगा, नाहीतर ती बाई खोटारडी आहे असं लिहून द्या.

"कसं लिहून देऊ, साहेब? पोरीने खरं तेच लिहिलंय."

"म्हणजे चोरी चालते, हे कबूल?"

"चोराला आम्ही तुमच्याआधी हुडकतो. ही चोरी नव्हे. आणि नावच हवं असेल, तर माझं घाला."

त्याच आठवड्यात म्हातारा फिटर गाश्पार वारला. कुणी गेलं की त्याच्या कबरीभोवतीचं लोखंडी कुंपण कारखान्यातच व्हायचं. तसं याचंही झालं, पण संचालकाच्या धाकाने ते फाटकातून न्यायला आता कुणी तयार नव्हतं. तुकडे करून मागच्या भिंतीवरून टाकू, असं ठरायला लागलं. एतेलका भडकली.

"गाश्पार जन्मभर पुढच्या फाटकातून आला. त्याचं कुंपणही तिथूनच जाईल."

जेवणाचा भोंगा झाला तसं तिने एक टोक उचललं. मग दुसरं टोक विल्माने धरलं, आणि तिच्यामागून एकेक करत सगळे आले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने परवाना मागितला.

"गाश्पारचं आहे," एतेलका म्हणाली.

त्याने अडसर काढला.

दुसऱ्या दिवशी विल्माला कारखाना बंद झाला आणि एतेलकाच्या हाती झाडू आला. ती संचालकाच्या खिडकीखालचं आवार रोज झाडायची, मान वर करून, अगदी सावकाश. वसंतात त्याने निरोप धाडला : माफी मागा, जुनं काम परत देतो. तिने निरोप्यालाच बाजूला सरकवलं, कारण तो झाडलेल्या जागेवर उभा होता.