दुसऱ्याच्या खिशातली पावलं

मला साखर निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले आणि तळपायाला काहीतरी टोचत "कळतंय का?" असं विचारत राहिले. कळत होतं. पण डोळ्यांपुढे वडिलांचा पाय होता, साखरेपायी अंगठा कापलेला. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज आठ हजार पावलं. बायकोने ते लगेच स्वतःच्या मोबाइललाही जोडून घेतलं. सासऱ्यांचा पाय तिनेही धुतला होता.

मी चाकणच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसतो. सुटे भाग मोजायचे, बरे-वाईट वेगळे करायचे. कंपनीची बस थेरगावात दारापाशी सोडते. त्यामुळे दिवसाकाठी पावलं व्हायची चौदाशे.

"अहो, एवढी तर मी स्वयंपाक करता करता चालते," बायको म्हणायची. हसायची, पण रात्री मोजे काढले की माझी बोटं निरखून बघायची. ते मला सहन व्हायचं नाही.

आमच्या लाइनवर ट्रॉली ढकलणारा एक बीडकडचा गडी आहे. त्याच्यापुढे रडगाणं गायलो, तर म्हणाला, "आणा की भाऊ तुमचा मोबाइल. माझ्या खिशात राहू द्या. मी दिवसभर हिंडतोयच की!"

पहिल्याच दिवशी अकरा हजार. बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं. संध्याकाळी बसमधून उतरलो की "दमला असाल" म्हणून मला खुर्ची द्यायची. मी बसायचो. लाज अशी हळूहळूच वाटेनाशी होते.

महिनाभराने डॉक्टरांनी आलेख पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "एवढं चालूनही साखर हटत नाही? मग गोळी वाढवावी लागेल." बायको शेजारीच बसली होती. बोलायची वेळ तीच होती. मी गप्प राहिलो. गोळी वाढली.

चौथ्या दिवशी जेवणाची सुट्टी फार उशिरा झाली. माप घेताना हात थरथरायला लागला, मानेवरून घाम निघाला, समोरचं टेबल लांब लांब जायला लागलं. पुढचं आठवतं ते कंपनीच्या दवाखान्यातल्या खाटेवरचं. नर्सबाई साखरेचं पाणी पाजत होत्या. "साखर एकदम खाली गेली होती काका. थोडक्यात वाचलात."

तेवढ्यात ट्रॉलीवाला धावत आला. त्याला आत्ताच कुणीतरी सांगितलं होतं. त्याने खिशातून माझा मोबाइल काढून दिला. पडद्यावर फटाके उडत होते. आठ हजार पूर्ण! खाली बायकोचा निरोप: "शाब्बास!"

तेव्हा खरा घाबरलो. मी इथे आडवा पडलेला आणि घरी तिला मी चालताना दिसतोय. मेलो असतो, तरी शिफ्ट सुटेपर्यंत थेरगावात मी चालतच राहिलो असतो.

ट्रॉलीवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनीला सांगू नका हो, भाऊ," तो म्हणाला.

मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. अकरा हजार पावलं कुणाची, गोळी का वाढली, आत्ता कुठे आहे.

मग ती हळूच म्हणाली, "हे तरी तुम्हीच बोलताय ना?"

"मीच गं."

"मग बोलत राहा. फोन ठेवायचा नाही. मी रिक्षा बघते."

चाकणपर्यंतच्या अख्ख्या रहदारीत तिने मला बोलायला लावलं. मी जरा थांबलो की तिचा आवाज चढायचा, "अहो? अहो!"