आबांची कॅसेट आणि विहिरीच्या मोटारीची तार

आमच्या घरात दोरी, दावं, साखळी, तार, काहीही घेण्याआधी ओढून बघतात. एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं आपल्या कमरेला, आणि मागं रेलायचं. तुटली तर दुकानदाराची, नाही तुटली तर आपली! या एका परीक्षेवर आमच्या तीन पिढ्यांनी ऊस पिकवला, आणि याच परीक्षेवर मी बहिणीच्या लग्नात जीपच्या टेपची तार निवडली.

आमचे आबा, म्हणजे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. त्या साली ते बर्फात कुठंतरी वर होते. धाकट्या हौसाचं लग्न आष्ट्याच्या मुलाशी ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला आणि आबांची रजा नामंजूर झाली. आई दोन दिवस अंगणातल्या जीपकडं पाठ करूनच वावरली. कारण आबांनी लिलावातली जुनी फौजी जीप घेऊन ठेवली होती ती याच एका दिवसासाठी. "माज्या पोरीला येशीपतूर मी सोता सोडनार," हे ते हौसा परकरात होती तेव्हापासून सांगत आले होते.

आबांच्या ऐवजी खोकं आलं. रजेवर निघालेल्या एका जवानानं ते घरपोच आणून दिलं. आत गाडीत बसवायचा टेप, एक कॅसेट आणि चिठ्ठी. 'हौसा घरातून निघाली की ही कॅसेट लावणे. वेशीपर्यंत मी तिच्यासंगं आहे. आधी कोणी ऐकू नये.' खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. 'बाबू, जोडणी नीट करणे. शहाण्या माणसाला विचारून करणे.' (गावात शहाणा कोण, हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. मग मी मलाच विचारलं!)

हौसानं ती कॅसेट पदरात गुंडाळून देवघरात ठेवली आणि मला म्हणाली, "दादा, मला दागिना नको, साडी नको. आबांचा आवाज तेवढा नीट ऐकू येऊ दे."

"तू काळजीच सोड!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा समोरच्यानं काळजी सुरू करावी.

जीपला टप नव्हता आणि वाजंत्र्यांपुढं टेपचा आवाज टिकणार नव्हता. म्हणून तरुण मंडळाचा बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि भला मोठा कर्णा आणला. टेप पुढं, अँप्लिफायर मागच्या सीटखाली, आणि दोघांच्या मध्ये हवी एक तार. ती आणायला मी सांगलीला हणमंतअण्णांच्या दुकानी गेलो. आमच्या भागातले सगळे बिघडलेले रेडिओ अण्णांच्याच हातानं पुन्हा बोलायला लागत. त्यांनी करंगळीपेक्षा बारीक, सुतळीएवढी तार पुढं ठेवली.

"ही न्या. आत तार हाय, वरनं जाळी. इंजनाची करकर ही जाळी भायेरच थोपवती."

मी तार हातात घेतली. वजनच लागेना. "ओढून बघू का?"

"आवं, ही ओढायची तार न्हवं! हिच्यातनं आवाज जातो."

"जाऊ दे की. पर टिकाय नगं व्हय?"

अण्णा नको नको म्हणेपर्यंत मी एक टोक त्यांच्या दुकानाच्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि रेललो. तार तुटली, मी मागच्या बाकड्यावर, बाकड्यावरचे दोन रेडिओ माझ्यावर! अण्णांनी आधी रेडिओ उचलले, मग मला.

"पाव्हनं," ते शांतपणे म्हणाले, "तुमाला तार नगं, कासरा पायजे."

मी रागानं घरी आलो. गोठ्याच्या आढ्याला विहिरीच्या मोटारीची उरलेली तार लोंबत होती. अंगठ्याएवढी जाड, काळीभोर, बघूनच विश्वास वाटावा अशी! एक टोक खांबाला बांधलं, दुसरं आमच्या हरण्या बैलाच्या जुवाला. हरण्यानं ओढलं, खांब करकरला, तार ढिम्म. आमचे चुलते, तात्या, तंबाखू मळत बघत होते.

"बाबू, तार दांडगी हाय. पर आवाज ह्यातनं जाताना दमल की रं गड्या!"

मी लक्ष दिलं नाही. तार जोडली, आणि नीटनेटकेपणा म्हणून इंजिनाच्या सगळ्या तारांबरोबर तिची एकच मोळी करून सुतळीनं आवळून बांधली. मग मंडळाची भजनाची कॅसेट लावून बघितली. आवाज असा खणखणीत की आईनं आतून हात जोडले. (हे सगळं इंजिन बंद ठेवून! जीप सुरू झाली की आईच्या कोंबड्या अंडी घालत नसत, म्हणून अंगणात इंजिन चालू करायला मनाई होती.)

लग्न लागलं, जेवणं उठली आणि दिवस कलताना पाठवणीची वेळ आली. जीपला केळीचे खुंट, हौसा आणि जावई मागं, स्टिअरिंगवर मी. गावातलं एकूण एक माणूस रस्त्याच्या कडेला. आबांचा आवाज येणार ही बातमी शेजारच्या वाडीपर्यंत गेली होती. वाजंत्री थांबवली. मी बटण दाबलं.

"हौसा, बाळ..." कर्णा बोलला, आणि आईनं तोंडाला पदर लावला. मी जीप सुरू केली.

"कुंईंईंईं!"

मी दचकून पाय दाबला. आवाज चढला. "कुंईंईंईंईंईंई, टक टक टक टक, कुंईंईं!" त्याच्याखाली कुठंतरी आबा बोलत होते, पण एक शब्द कळेल तर शपथ! पोरं टाळ्या पिटायला लागली. वाजंत्रीवाल्यानं सनई काखेत मारून कान पुढं केला. जावयाचे मामा जीपजवळ येऊन म्हणाले, "फौजी पाव्हनं कंच्या भाषेत बोलत्यात?"

मी इंजिन बंद केलं. लगेच आबांचा आवाज स्वच्छ. चालू केलं, कुंई! बंद, आबा. चालू, कुंई! सांगलीतला अण्णांचा शब्द न् शब्द मला आठवला. करकर भायेरच थोपवती. माझ्या मोळीनं ती पाहुणी म्हणून आत घेतली होती.

"दादा," हौसा मागून म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आबा काय म्हणाले रे?"

सगळ्या गावासमोर, बर्फातून आलेला बापाचा आवाज मी मातीत घातला होता. जावई खाली उतरले, फेट्याचा शेमला खोचला आणि म्हणाले, "इंजान बंदच ऱ्हाऊ द्या. आमी ढकलतो की!" वऱ्हाडी लागले ढकलायला. इस्त्रीचे सदरे, नवे जोडे, वर "हर हर महादेव!" दहा पावलांवर जीप चढाला लागली आणि मामांचा एक जोडा मागं राहिला, मग मामाही राहिले.

तेवढ्यात तात्या रुखवताच्या गाडीकडं गेले. हरण्या आणि पाखऱ्याला जुवासकट सोडून त्यांनी जीपपुढं आणून उभं केलं.

"नाडा कुटं हाय?" कुणीतरी विचारलं.

"नाडा कशाला? बाबूची तार हाय की!"

गोठ्यात उरलेली मोटारीची तार आणून, तिहेरी करून त्यांनी जू आणि जीपचा बंपर यांच्यात आवळली. तारेला तिच्या लायकीचं काम मिळालं. कासरा पायजे, म्हणाले होते ना अण्णा!

मी कॅसेट पहिल्यापासून लावली. तात्यांनी बैलांच्या पाठीवर थाप दिली आणि वरात निघाली. जावई, नवरी, कर्णा, आणि पुढं दोन बैल.

"हौसा, बाळ. म्या हाय तुज्यासंगं. चल, निघू. ही बघ, उजव्या हाताला तुजी शाळा."

सगळ्यांनी उजवीकडं बघितलं. शाळाच होती! तिचं फाटक नेमकं तेव्हाच जीपला लागून आलं होतं.

"हितं पयल्या दिवशी रडलीस. म्या बी रडलो, पर तुला दावलं न्हाई."

आबा तिकडं बर्फात बसून गावाचा रस्ता चालत होते. गावात आले की ते जीप कमी आणि बैलगाडीच जास्त हाकत, आणि मनातसुद्धा त्याच चालीनं निघाले होते. "आता मारुती आला. हात जोड." हौसानं जोडले, जावयांनी जोडले, कडेला उभ्या सगळ्या गावानं जोडले. मागं राहिलेल्या मामांनी एक जोडा हातात धरून जोडले.

"आता हौद. हितं आपली बैलं थांबत्यात. पिऊ द्या त्यास्नी, घाई नगं."

आणि हरण्या-पाखऱ्या थांबले! रोजची सवय, दुसरं काही नाही. त्यांनी पाण्यात तोंड घातलं. कर्ण्यातून आबा गप्प झाले होते, नुसता तिकडचा वारा ऐकू येत होता, आणि इकडं बैलांचा पाणी ओढायचा आवाज. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून पोटभर रडलो. बैलांनी माना वर काढल्या आणि आबा म्हणाले, "चला."

वेशीत पोचलो. "हितनं फुडं म्या येत न्हाई, बाळ. जावईबापू, माजी पोर भित्री न्हाई, पर वीज कडाडली की हात धरा तिचा. सुखानं जावा." खट्. टेप संपला. जावयांनी हौसाचा हात तिथंच धरला, आकाशात एक ढग नसताना!

मग बैल सोडले, जीप सुरू केली आणि आष्ट्यापर्यंत आम्ही कुंई करत गेलो. लोक घराबाहेर येत होते. पुढच्याच आठवड्यात मी सांगलीला जाऊन अण्णांचे पाय धरले आणि जाळीची तार आणली, न ओढता. ती आजतागायत वाजते आहे. अण्णांनी खांबाकडं बघत, हसून, स्वतःच्या हातानं ती मला कापून दिली, ते उपकार मी विसरणार नाही.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आबांना रजा मिळाली. आल्या आल्या त्यांनी सगळं हौसाकडून ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाबू, मला लय घोर लागला हुता. कॅसेट भरल्यावर ध्यानात आलं, म्या बोललो बैलाच्या चालीनं, आन् गाडी जानार पळत. म्या शाळंपाशी असंन तवा पोरगी येशीभायेर! पर तू इंजान बंद ठेवलंस, बैलं जुपलीस. हे तुला कसं रं सुचलं?"

बापानं माझी स्तुती करावी असा प्रसंग त्याआधी आला नव्हता. तात्या जोरात खोकले. मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो, "सुचलं आपलं, आबा."

दुपारी बैलांची पूजा झाली. शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, पुढ्यात पुरणपोळी. घरातल्या सगळ्यांचे नमस्कार झाले आणि मी शेवटी हरण्या-पाखऱ्यापुढं वाकलो, तो वाकलोच. अगदी मनापासून वाकलो होतो. त्यांनीच माझी लाज राखली होती.

पोळ्यांची परात घेऊन आई मागं उभी होती.

"पड बाबा, नीट पाया पड," ती म्हणाली. "सुचलं ते त्यास्नीच."